बसऱ्याची वाट

सोसायटीच्या पंपावर मी रजिस्टर लिहिते.
बोटीचं नाव, तांडेलाची सही, लिटर, दर.
दराचा रकाना हल्ली पेन्सिलीनं भरते,
खोडायला सोपा.

नारळी पौर्णिमा होऊन नऊ दिवस झाले
आणि पाटी लागली :
एका बोटीला दोनशे लिटर. उधारी नाही.
मालकांच्या जागी त्यांचे निळे बॅरल रांगेत उभे.
तांडेल ओट्यावर बसून बोलतात
एका सामुद्रधुनीबद्दल,
जी या जयगड खाडीत कुणीच पाहिलेली नाही
सोलकरांचा इरफान सोडून.

इरफान तेलाच्या जहाजावर पंपमन.
घरची होडी विकून त्याची सीडीसी काढली होती.
शेवटचा निरोप असा, की नांगरावर आहोत,
आजूबाजूला अजून चाळीसेक जहाजं,
रात्री दिवे लावत नाही.

खतिजाबी दहाच्या सुमारास येते.
तिला डिझेल नको असतं.
"काय गो, आज भाव काय?"
मी सांगते.
वाढला असला तर पदर नीट करत राहते,
तोच असला तर म्हणते, "म्हंजे वाट उघडी हाय."
बारा दिवस फोन लागत नाही तिला.
भाव तेवढा लागतो.

इरफानच्या जहाजाच्या पोटात वीस लाख पिंपं.
मी एकदा रजिस्टरच्या मागच्या पानावर मांडून बघितलं :
आमच्या ऐंशी बोटी, रोज दोनशे लिटर,
एकही सुट्टी न घेता चोपन्न वर्षं.
आणि देशाला तेच
अर्धा दिवससुद्धा पुरत नाही.
कच्चं तेल, कच्चा हिशेब.
पान मी फाडलं नाही, दुमडून ठेवलं.

खतिजाबीचा आजा याच वाटेनं बसऱ्याला जायचा.
जाताना कौलं, येताना खजूर.
वारा फुकट, पण सही वाऱ्याचीच लागायची.
तेव्हा बरं होतं असं ती म्हणत नाही.
दोन गलबतं आलीच नाहीत, म्हणते,
आणि खजुराला कीड असायची.

आमच्याही खाडीच्या तोंडाशी गाळ आहे.
ओहोटीला मोठी बोट बुडाला घासते,
मग सगळे बिड्या पेटवून भरतीची वाट बघतात.
त्यांना वाटतं तिकडेही तसंच असणार,
सहा तासांत पाणी चढेल.
दाऊद मुकादम सांगतो, पाणी तिथे भरपूर आहे रे.
पुढे काही बोलत नाही,
आपला बॅरल बोटानं वाजवून बघतो
कलिंगड बघावं तसा.

रकाना नाही, तरी हे लिहायला हवं :
पावसाळ्यात तेल आपण होऊन येतं इथे.
डांबराचे गोळे, सुपारीएवढे, लाडवाएवढे,
पुळणीवर ओळीनं.
कुठल्या जहाजानं टाकी धुतली कोण जाणे.
पायाला चिकटलं की पाण्यानं जात नाही,
रॉकेलचा बोळा लागतो.
तेल काढायला तेल.
त्याला ना कुठली सामुद्रधुनी आडवी येते,
ना कोटा.

आज टँकर आलाच नाही.
रत्नागिरीहून फोन आला, उद्याचंही नक्की नाही.
बॅरल घेऊन कुणी गेलं नाही, रांग मोडेल म्हणून.
दहाला खतिजाबी.
"काय गो, आज भाव काय?"
डिझेल नाही म्हणजे भाव नाही.
भाव नाही म्हणजे
तिच्या भाषेत काय, ते मला कळत होतं.
मी पेन्सिल घेतली,
कालचाच आकडा आजच्या तारखेपुढे लिहिला.

तिला वाचता येत नाही असं समजू नका,
उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेली आहे, मराठी आकडे येतात.
तिनं रजिस्टर आपल्याकडे फिरवलं.
लिटरच्या रकान्यात काहीच नव्हतं.
सहीच्या रकान्यात काहीच नव्हतं.
त्या एका आकड्यावर बोट ठेवून थोडा वेळ उभी राहिली.
"बरं," म्हणाली, "कालचाच हाय."

आणि पुळणीनं घरी गेली,
चपला हातात घेऊन,
गोळे चुकवत.